धडा एकोणचाळीस

दुपारचे चार वाजले की माझ्या अंगणात बावीस पोरं येतात आणि बोंबलायला लागतात. दो, रे, मी, फा. उजवा हात खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग वर. कुणाच्या हातात वाद्य नाही, साधी पिपाणी नाही, नुसती तोंडं आणि नुसते हात. परक्या गावचा माणूस रस्त्यावरून गेला तर त्याला वाटेल, या बाईने पोरांना माश्या हाकलायला लावलंय.

माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्या. खोटं नाही सांगत. वाळत घातलेला मका चारच्या आत उचलला नाही तर पोरं त्याच्यावर उभी राहून मात्रा मोजतात. एक धडा किमान चाळीस वेळा. आणि हे एकतीस वर्षं चाललंय! पोरं बदलतात, बोंब तीच.

हा सगळा ताप माझ्या नवऱ्याचा. आबुंदियो मास्तर. अख्खं सांता रुफिना त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. गावच्या बँडचे म्होरके तेच आणि शाळेतल्या पोरांना शिकवणारेही तेच. त्यांचा नियम असा की पहिलं वर्षभर पोरांनी फक्त स्वर वाचायचे. एक जुनं पुस्तक आहे, त्यात चाळीस धडे. पाच रेघांवरचे ठिपके बघायचे, हाताने मात्रा धरायची, तोंडाने स्वराचं नाव गायचं. चाळिसावा धडा न चुकता झाला की मास्तर कोठी उघडून वाद्य देतात. तोवर वाद्याला बोट लावायचं नाही. मास्तर असेच शिकले, त्यांना शिकवणारे त्यांचे काका असेच शिकले, डोंगरातल्या सगळ्या गावांत असंच शिकतात.

बरं, मारत नाहीत, ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पोरगं चुकलं की डोळे मिटतात आणि एकच शब्द बोलतात. "पुन्हा." माझा तर सगळा संसार या एका शब्दावर झालाय. घेवड्यात मीठ कमी पडलं की चमचा खाली ठेवून, "पुन्हा." एकदा मी पातेलं उचलून त्यांच्या पुढ्यात आदळलं आणि म्हटलं, "करा तुम्हीच पुन्हा!" तर हा माणूस उठला, चूल पेटवली आणि खरंच पुन्हा घेवडा शिजवला. चांगला झाला होता, त्याचा मला आणखी राग आला.

तर या वर्षी जुलैत आमची जत्रा झाली. डोंगरापलीकडच्या सान मातेओचा बँड आला, सत्तावीस माणसं, चार दिवस राहिली. सगळ्यांना मोलेचा रस्सा, मक्याच्या तोर्तिया, सकाळी आतोलेची पेज आणि पाव, हे सगळं आम्ही बायकांनी केलं. पैसा कुणी कुणाला देत नाही. त्यांनी आमच्या जत्रेत वाजवलं की आम्ही सप्टेंबरात त्यांच्या जत्रेत जाऊन वाजवायचं, याला आमच्याकडे गोसोना म्हणतात. गोसोना चुकवली की त्या गावात तोंड दाखवायला जागा नाही.

आणि आमचा बँड म्हणजे उरलेत अकरा जण. बाकीचे गेले लॉस एंजेलिसला हॉटेलात भांडी घासायला. सत्तावीस जणांच्या बदल्यात अकरा, आणि त्यातला एक बहिरा.

ऑगस्टच्या सुरुवातीला आमचे सरपंच क्रिसोफोरो घरी आले. हा क्रिसोफोरो लहानपणी याच अंगणात अकराव्या धड्याला पळून गेलेला. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. मी कॉफी दिली.

"मास्तर, पोरांना वाद्यं द्या."

"कितवा धडा झालाय त्यांचा?" मास्तर म्हणाले.

"मला काय माहीत कितवा!"

"तुझा अकरावा राहिलाय, ते माहीत आहे ना?"

"काकू, बघा हो!" तो माझ्याकडे वळला. "चाळिशीला आलो तरी अकरावा काढतात! अहो मास्तर, मी सान मातेओला फोनवर सांगून बसलोय, तेहतीस जण येतोय म्हणून. अकरा मोठे आणि बावीस लहान."

"मग फोन करून सांग, अकरा येतोय."

क्रिसोफोरोने कॉफी एका घोटात संपवली. मग जे सांगायला आला होता ते सांगितलं. गावसभेत ठरलं होतं. ओआहाका शहरातला कुणी एक तरुण मास्तर होता, तो सहा आठवड्यांत पोरं वाजवती करून द्यायचा. पहिल्या दिवशीच हातात वाद्य. सान मातेओच्या जत्रेत आमची पोरं बँडात उभी राहिली नाहीत, तर हा वर्ग आबुंदियो मास्तरांकडून काढून त्याला द्यायचा.

क्रिसोफोरो जाताना दारात माझ्या कानाशी म्हणाला, "काकू, तुम्ही समजवा. म्हाताऱ्याचा वर्ग काढायचं पाप माझ्या हातून नको."

आता सांगा, काय समजवू? वर्ग गेला तर हा माणूस चार वाजता करणार काय? माझ्या चुलीपाशी बसून मला "पुन्हा" म्हणणार. मी त्यांना रात्रंदिवस बोलले. म्हटलं, जरा वाकलात तर कंबर मोडणार नाही. निदान दोमितिलाला तरी द्या. ही दोमितिला दहा वर्षांची, सगळ्यात पुढे, पण पाच आठवडे एकोणचाळिसाव्या धड्यावर अडकलेली. तो धडा रिकाम्या मात्रेने सुरू होतो. हात खाली मारायचा आणि तोंड गप्प ठेवायचं, मग पहिला स्वर. पोरगी हात खाली आला की तोंड उघडायची. रोज. आणि रोज "पुन्हा." तिचे डोळे भरून यायचे आणि मला तो माणूस नकोसा व्हायचा.

"तिला क्लॅरिनेट दिला तर जग बुडेल का?"

"ऐकत नाही ती अजून."

"बावीस पोरांत सगळ्यात चांगलं तीच ऐकते!"

"स्वर ऐकते. गप्प ऐकत नाही."

आपलं डोकं फोडून घ्यायचं.

मग एका शनिवारी मास्तर वरच्या वाडीत एका मयताला वाजवायला गेले. कोठीची किल्ली माझ्याकडेच असते, कारण त्यांच्याकडे दिली तर ती हरवते. चार वाजता पोरं आली. मास्तर नाहीत म्हणून परत निघाली. आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, थांबा रे.

कोठी उघडली. बावीस पोरं आत घुसली. क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन, एका बारक्याने तर तुबा अंगावर घेतला आणि तो आतच गडप झाला. आणि मग जो काही आवाज सुटला! देवाशपथ, गाय अडली तरी असं ओरडत नाही. पण पोरांचे चेहरे काय खुलले होते. दोमितिला क्लॅरिनेट फुंकून फुंकून लाल झाली होती. "मावशी, वाजला! मावशी, ऐकलंत?" ऐकलं बाई, ऐकलं. दोन डोंगरांनी ऐकलं.

मास्तरांनीही ऐकलं. चढाच्या वळणावर होते तेव्हाच. अंगणात आले, टोपी काढली, बाकावर बसले. मी तयारीतच होते. म्हटलं एकदा म्हणू दे पुन्हा, मग बघते. पण ते "पुन्हा" म्हणालेच नाहीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चूक ऐकली आणि तो शब्द तोंडातून काढला नाही.

पोरांच्या हातातून एकेक वाद्य घेतलं, फडक्याने त्याचं तोंड पुसलं, कोठीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच हातात परत दिली. त्या रात्री जेवले नाहीत.

सोमवारी चार वाजता पोरं गुपचूप येऊन उभी राहिली. मास्तर म्हणाले, "धड्याआधी वाद्याला हात लावला की धडा पहिला. सगळ्यांचा."

बावीस पोरं पहिल्या धड्यावर! आणि जत्रेला राहिले पाच आठवडे. म्हणजे वर्ग गेलाच, आणि तो माझ्या हाताने गेला. क्रिसोफोरो काय घालवणार होता, मीच घालवला. मी भिंतीला टेकून उभी होते. तर मास्तरांनी घरातून एक खुर्ची आणली, पहिल्या रांगेत दोमितिलाच्या शेजारी ठेवली.

"ही कुणाला?" मी विचारलं.

"जिने कुलूप काढलं तिला. तिचाही पहिला धडा."

"मास्तर, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे!"

"मग वेळ घालवू नकोस."

पोरं फिदीफिदी हसली. मला असा संताप आला की विचारू नका. आणि त्या संतापात मी खुर्चीत बसले.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी लहान असताना मुलींना या वर्गात घेत नव्हते. मास्तरांचे काका शिकवायचे, आणि मी घेवडा सोलायच्या निमित्ताने त्यांच्या खिडकीखाली बसायची. बारा वर्षांची होते. एकदा मोठ्याने स्वर म्हटला तर बापाने कानाला धरून घरी नेलं. आत पोरं होती, त्यात आबुंदियोही होता. पोरं खिडकीतून बघून हसली. तो हसला की नाही ते मला आठवत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. पुढे लग्न झालं, मास्तरांनी वर्ग सुरू केला आणि पहिल्याच दिवशी मुलींना घेतलं. पण मी तोवर पातेल्यांपाशी पोचले होते.

तर मी बसले आणि पहिला धडा म्हटला. पुस्तक न बघता. मग दुसरा. मग तिसरा. माझे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे "फा" म्हणताना वारा सुटतो, त्याला पोरं पोट धरून हसत होती. दहाव्या धड्यापर्यंत हसली. मग थांबली. एकतीस वर्षं माझ्या कानाशी बोंबलताय, मला येणार नाही तर कुणाला येणार! वीस झाले, तीस झाले. माझा हात आपला खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. दिवेलागणीची वेळ झाली तरी पोरं घरी जाईनात. एकोणचाळिसावा धडा आला, मी हात खाली मारला आणि दणक्यात सुरुवात केली.

मास्तरांनी डोळे मिटले. "पुन्हा."

जीव घेतला असता मी त्यांचा.

"काय चुकलं?"

"रिकामी मात्रा खाल्लीस. पुन्हा."

तेव्हापासून मी रोज बसायला लागले, निव्वळ खुन्नस म्हणून. पोरं भराभर चढली, कारण येत होतंच. दोन आठवड्यांत सगळी तिशीपार. आणि मग मास्तरांनी वेगळंच काढलं. बँडचे जुने, स्वर लिहिलेले कागद आणले आणि पोरांपुढे ठेवले. लॉस एंजेलिसला गेलेल्यांचे कागद. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नाव लिहिलेलं. दोमितिलाच्या पुढ्यात आला त्यावर तिच्या बापाचं नाव होतं, दुसरा क्लॅरिनेट. तिने त्या नावावरून बोट फिरवलं.

"वाचा," मास्तर म्हणाले. "तोंडाने."

"अहो, तोंडाने वाचून काय होणार?" मी म्हटलं. "तिकडे वर्ग चाललाय हातातून, आणि तुम्ही पाढे म्हणवून घेताय!"

"हात धर. मात्रा सुटतेय तुझी."

जत्रेच्या आदल्या दिवशी क्रिसोफोरोने नवी शक्कल लढवली. पोरांनी वाद्यं घेऊन नुसतं उभं राहायचं, फुंकल्यासारखं करायचं, बोटं हलवायची. वाजवणार अकराच, पण दिसणार तेहतीस.

"खोटं?" मास्तर म्हणाले.

"खोटं कसलं, शोभा!"

"क्रिसोफोरो, तू आधी अकरावा धडा म्हणून दाखव."

क्रिसोफोरो पाय आपटत गेला. सकाळी ट्रकमध्ये अकरा वादक, बावीस पोरं आणि मी चढलो. मला कोण सोडतंय मागे! पोरांच्या हातात एकेक कागद, बस्स. क्रिसोफोरो पुढे ड्रायव्हरपाशी बसला, अख्ख्या वाटेत एकदाही मागे वळला नाही.

सान मातेओच्या वेशीवर त्यांचा बँड उभा. पाहुण्यांना वेशीवर वाजवत घ्यायचं आणि पाहुण्यांनी वाजवून उत्तर द्यायचं, अशी रीत. त्यांनी वाजवलं, झकास. मग आमची पाळी. त्यांचे म्होरके निकानोर, ऐंशीच्या घरातले. ते पोरांच्या मोकळ्या हातांकडे बघत होते. बिचाऱ्यांनी चर्चपुढे तेहतीस खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

"क्रिसोफोरो," निकानोर म्हणाले, "वाद्यं मागच्या गाडीत आहेत का?"

क्रिसोफोरोने टोपी डोळ्यांवर ओढली.

मास्तरांनी हात वर केला. अकरा जणांनी वाजवायला सुरुवात केली, आणि जिथे जिथे बँडात भोक होतं तिथे पोरं गायला लागली. दुसरा क्लॅरिनेट, तिसरा ट्रंपेट, सगळे गेलेले सूर. सी, ला, सोल, सोल. बावीस हात एकदम खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. सान मातेओचे लोक आधी खदाखदा हसले. एकजण ओरडला, "अरे, यांची वाद्यं वाटेत खेचराने खाल्ली काय!" मला तर जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. क्रिसोफोरो घाम पुसत होता.

मग मला दिसलं, निकानोरांचा हात हलतोय. मांडीपाशी, आपसूक. खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. त्यांच्या बाजूच्या ट्रंपेटवाल्याचाही. मग त्यांच्या सगळ्या बँडचे हात. त्या सत्तावीस जणांनीही कधीतरी एक वर्ष कुणाच्या तरी अंगणात असंच बोंबलून काढलं होतं. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला दुसऱ्या क्लॅरिनेटला एक रिकामी मात्रा आहे. मी दोमितिलाकडे बघत होते. हात खाली आला. तोंड बंद. मग बरोबर जागेवर तिने स्वर उचलला. मी इतक्या जोरात "हां!" म्हणाले की मास्तरांनी वळून माझ्याकडे बघितलं.

संपल्यावर सान मातेओची पंचमंडळी बाजूला जाऊन बोलत बसली. अर्धा तास! आम्ही उन्हात. शेवटी निकानोर आले. म्हणाले, तोंड म्हणजे वाद्य नाही, तेव्हा गोसोना अर्धीच फिटली. उरलेली अर्धी पुढच्या सप्टेंबरात. आणि ती याच पोरांनी फेडायची, वाद्यांसकट, याच मास्तरांच्या हाताखाली, कारण ज्याने सुरू केली त्यानेच पुरी करायची असते.

क्रिसोफोरोचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या गावाने मागितलेला मास्तर काढणार कसा? ओआहाकाच्या मास्तराला त्याने तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं. आमच्या म्हाताऱ्याने काय करावं? शांतपणे मोलेचं दुसरं ताट मागितलं.

घरी आल्यावर सोमवारी चार वाजता पुन्हा तेच. दोमितिलाने एकोणचाळिसावा म्हटला, चाळिसावा म्हटला, आणि मास्तरांनी कोठी उघडून तिला क्लॅरिनेट दिला. पोरगी रडली, मीही रडले. मग मास्तर म्हणाले, "इलारिया." वर्गात ते मला नावाने हाक मारतात.

मी उभी राहिले. हात खाली मारला. तोंड दाबून धरलं. मग स्वर. एकोणचाळीस झाला, चाळीस झाला. मी डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होते, कधी म्हणतात म्हणून. म्हणाले नाहीत. उठले, माझ्याकडून किल्ली घेतली आणि कोठीत गेले.

माझं टाळकं सटकलं. "आत्ता देताय?" मी ओरडले. "पुढचे दात पडल्यावर? फुंकू कशाने? बारा वर्षांची होते तेव्हा त्या खिडकीच्या आत होतात ना तुम्ही!"

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पितळी झांजा होत्या, घासून लख्ख केलेल्या. कधी घासल्या कोण जाणे. "होतो," ते म्हणाले. "हसलो नव्हतो. याला दात लागत नाहीत."

मी झांजांचा कागद बघितला. साठ मात्रा रिकाम्या. मग एक ठोका. मग पुन्हा चाळीस रिकाम्या.

"म्हणजे तुम्ही मला गप्प बसायला सांगताय!"

"हो."

पोरं खिदळली. मास्तरांनी हात वर केला, दोमितिलाने क्लॅरिनेट तोंडाला लावला आणि चिरकत सुरुवात केली. मी झांजा छातीशी धरून मोजत राहिले. कोंबड्या पायात आल्या, हलले नाही. चुलीवर घेवडा करपल्याचा वास आला, बोलले नाही. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. मग दोन्ही हात उघडले आणि मारल्या. त्या आवाजाने माझं सगळं अंग हललं.

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "पुन्हा."